चालकाविना शर्यत: एक-दशांश गाड्यांवर स्वयंचलित ड्रायव्हिंग शिकवतानाच्या नोंदी

या नोंदी एका सत्राच्या आहेत. चार गट, चार गाड्या, आकाराने खऱ्या गाडीच्या एक-दशांश. मूळ आराखडा एफवनटेन्थचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम आता रोबोरेसर या नावाने चालतो. जोडणीच्या सूचना, सिम्युलेटर, प्रात्यक्षिकं असं सगळं खुलं आहे, म्हणून ते इथे पुन्हा उतरवत नाही. गाडी कुठे अडली, कशामुळे अडली आणि काय केल्यावर सुटली, एवढंच लिहितो. विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे आहेत. सगळ्यांना पायथन येतं, सोल्डरिंग फार थोड्यांना. गाड्यांना रंगांवरून ओळखतो: लाल, निळी, पिवळी, हिरवी.

६ जानेवारी: सामान आणि जुळणी

रिमोटवर चालणाऱ्या तयार गाडीची चॅसिस घेतली. वरचं कवच आणि मूळचा स्पीड कंट्रोलर काढून टाकला आणि त्याच्या जागी व्हेस्क हा सेटिंग बदलता येणारा मोटर-नियंत्रक बसवला. वर लेझरने कापलेली ॲक्रिलिकची पाटी, पाटीवर जेटसन हा छोटा संगणक, व्होल्टेज रेग्युलेटर आणि सगळ्यात पुढे होकुयो कंपनीचा लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर. खर्चाचं गणित साधं आहे: एकटा लायडार बाकीच्या गाडीच्या तोडीचा महाग. त्यामुळे पहिलं काम म्हणजे लायडारच्या पुढे पाच-सहा सेंटीमीटर निघेल असा फोमचा जाड बंपर. हिरव्या गटाला तो दिसायला आवडला नाही. तरी बसवायला लावला.

सुटे भाग मागवताना बहुतेक जण टायर जास्त मागवतात. टायर वर्षभर टिकतात. मोडतात ते सर्व्होचे (चाकं वळवणाऱ्या मोटरचे) दात, पुढच्या सस्पेन्शनच्या भुजा आणि स्पर गिअर. हे तीन भाग गाडीमागे दोन-दोन हवेत.

ॲक्रिलिक पातळ घेऊ नका. ३ मिलिमीटरची पाटी मधोमध कंप पावत होती आणि लायडारच्या नोंदींत भिंत थरथरताना दिसत होती. मधे आणखी दोन खांब दिल्यावर ती थरथर थांबली.

१० जानेवारी: बॅटरी

तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. नाममात्र ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. सेलमागे ३.३ व्होल्टच्या खाली उतरवायची नाही हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. तरी एक पॅक फुगला. गाडी उभी होती, मोटर बंद होती, म्हणून सगळ्यांना वाटलं बॅटरी खर्च होत नाही. जेटसन मात्र चालूच होता, आणि तो रात्रभर त्याच पॅकवर जगला.

आता प्रत्येक पॅकच्या बॅलन्स वायरला भोंगा लावला आहे, तो ३.५ व्होल्टला वाजतो. टेबलावर कोड लिहिताना जेटसन ॲडॅप्टरवरच चालवायचा, बॅटरी फक्त फेरीपुरती. चार्जिंग आगरोधक पिशवीत, आणि समोर माणूस बसलेला असतानाच. ठेवणीतले पॅक सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचे. हे नियम कंटाळवाणे आहेत, पण लायपोच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

१५ जानेवारी: मोटर

व्हेस्कला मोटर ओळखायला लावताना गाडी ठोकळ्यावर, चारही चाकं हवेत. लाल गटाने गाडी हाताने उचलून धरली होती. ओळख-चाचणीत मोटर अचानक जोरात फिरते, त्यामुळे गाडी हातातून निसटून टेबलावरून खाली गेली. नुकसान फक्त ॲक्रिलिकच्या एका कोपऱ्याचं. आता चारही गटांकडे लाकडी ठोकळा आहे.

हळू वेगात मोटर अडखळते अशी सगळ्यांचीच तक्रार होती. या मोटरमध्ये रोटरची जागा सांगणारे सेन्सर नाहीत. अगदी मंद फिरताना व्हेस्कला रोटर कुठे आहे हे नीट कळत नाही, म्हणून ती हिसके देते. निळ्या गटाने अर्ध्या मीटर प्रति सेकंदाने सुरळीत चालवायचा बराच खटाटोप केला. सेटिंग बदलून थोडा फरक पडला, पूर्ण नाही. शेवटी किमान वेग १ मीटर प्रति सेकंद ठरवून टाकला. शर्यतीच्या गाडीला त्याखाली करायचंय काय?

जेटसन मधेच रीस्टार्ट होत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. मोटरने एकदम जास्त करंट ओढला की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि त्याचा फटका जेटसनला बसतो. व्हेस्कमधली बॅटरी करंटची मर्यादा खाली आणली, कनेक्टरचं सोल्डरिंग नव्याने केलं, रीस्टार्ट थांबले. पिवळ्या गाडीच्या एका कनेक्टरवर सोल्डर नुसतं वर बसलं होतं, आत उतरलंच नव्हतं. वायर हलक्या हाताने ओढली तर निघून आली.

१८ जानेवारी: मोजपट्टी

या सत्रातला सगळ्यात उपयोगी दिवस. विद्यार्थ्यांना तो सगळ्यात रटाळ वाटला.

गाडी स्वतःचा वेग मोटरच्या फेऱ्यांवरून काढते. त्यासाठी व्हेस्कच्या फाइलीत एक गुणक असतो, आपण सांगितलेल्या मीटर प्रति सेकंदाचे मोटरच्या विद्युत फेऱ्यांमध्ये रूपांतर करणारा. आम्हाला मिळालेल्या फाइलीत तो ४६१४ होता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा, दुसऱ्या गिअरचा आणि दुसऱ्या टायरचा. जमिनीवर टेप चिकटवून गाडी सरळ पळवली. लाल गाडी म्हणाली ३.०० मीटर, टेप म्हणाली ३.३६. गुणक ३.०० भागिले ३.३६ ने गुणला, साधारण ४१२० आला. पुन्हा पळवली, फरक दोन-तीन सेंटीमीटरवर आला. चारही गाड्यांचा गुणक वेगळा निघाला. भाग सगळे एकाच खोक्यातले असूनही.

मग स्टीअरिंग. शून्य कोन दिल्यावर गाडी सरळ गेली पाहिजे. ती जात नाही, कारण सर्व्होचा दांडा दातांवर बसतो आणि एक दात इकडेतिकडे झाला की मधला बिंदू सरकतो. लाद्यांच्या सांध्यावर गाडी ठेवायची, पाच मीटर चालवायची, कुठे वळते बघून ऑफसेट, म्हणजे मधल्या बिंदूची दुरुस्ती, बदलायचा. घाई न करता केलं तर अर्ध्या तासात होतं.

तिसरं मोजमाप बहुतेक जण सोडूनच देतात: आपण सांगतो तेवढा कोन चाकं खरंच घेतात का? व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, ०.३३ मीटर. ०.३ रेडियन सांगितले तर गाडीने साधारण १.०७ मीटर त्रिज्येचं, म्हणजे सुमारे २.१३ मीटर व्यासाचं वर्तुळ काढायला हवं. निळ्या गाडीने मागच्या आसाच्या मध्यापासून मोजल्यावर २.५० मीटरचं काढलं. उलट हिशेब केला तर खरा कोन ०.२६ रेडियनच्या आसपास. सांगितलेल्याच्या जवळजवळ सातवा हिस्सा गायब. शिवाय डावीकडचं आणि उजवीकडचं वर्तुळ सारखं नव्हतं, कारण चाकं वळवणाऱ्या टाय-रॉडची लांबी दोन्ही बाजूंना वेगळी होती. ती आधी स्क्रूने जुळवली, मग गुणक बदलला.

पुढे पीआयडी येतो, चूक बघून स्टीअरिंग सुधारत राहणारा नियंत्रक. एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, पुढे पीआयडी आहेच ना, तो हे सांभाळून घेईल की?" त्याला म्हटलं, पाच फेब्रुवारीला पुन्हा विचार.

२३ जानेवारी: लायडार सापडत नाही

होकुयो यूएसटी-१०एलएक्स इथरनेटवर बोलतो. कारखान्यातून येताना त्याचा पत्ता १९२.१६८.०.१० असतो. प्रयोगशाळेतला वाय-फाय राउटरही १९२.१६८.० याच मालिकेत पत्ते वाटत होता. जेटसनला एकच मालिका दोन वाटांनी दिसायची, आणि लायडारला पाठवलेलं पॅकेट वाय-फायकडे जायचं. गंमत अशी की वाय-फाय बंद असताना सगळं नीट चालायचं, म्हणून संशय केबलवर गेला आणि तीन केबली बदलून झाल्या.

राउटरची मालिका बदलली, जेटसनच्या इथरनेटला १९२.१६८.०.१५ असा कायमचा पत्ता दिला. प्रश्न मिटला. अख्खी दुपार यात गेली. गाड्या चालू करण्याआधी राउटरचा पत्ता बघा.

२९ जानेवारी: आधी ब्रेक

गाडी स्वतः चालवायला शिकण्याआधी तिला स्वतः थांबता आलं पाहिजे. लायडार २७० अंशांत १०८१ किरण टाकतो. प्रत्येक किरणासाठी धडक व्हायला किती वेळ उरलाय ते काढायचं: अंतर भागिले त्या दिशेने अंतर कमी होण्याचा वेग. उंबरठ्याखाली गेलं की ब्रेक.

पहिली अडचण अरुंद जागेतली. हिरव्या गटाने सगळ्या किरणांना गाडीचा पूर्ण वेग लावला होता. बाजूची भिंत ४० सेंटीमीटरवर आली की गाडी थांबायची, समोर रस्ता मोकळा असला तरी. वेगाला किरणाच्या कोनाच्या कोसाइनने गुणल्यावर बाजूच्या किरणांचा धोका आपोआप संपला.

दुसरी अडचण गंभीर. पिवळ्या गाडीने कधी ब्रेक लावायचा, कधी नाही. नोंदी उघडल्यावर दिसलं की काही किरणांचं अंतर 'एनएएन', म्हणजे अंकच नाही, असं येतंय. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या साध्या किमान फंक्शनला एक जरी एनएएन दिला तरी उत्तर एनएएन येतं. आणि एनएएन कुठल्याही उंबरठ्यापेक्षा लहान ठरत नाही. म्हणजे हजार किरण "धडक, धडक" म्हणत असताना एका किरणाने अख्खा ब्रेक गप्प केला होता. फोम बंपरने त्या दिवशी लायडार वाचवला. खराब किरण आधी गाळायचे आणि गाळून काहीच उरलं नाही तर गाडी थांबवायची, हा नियम चारही गटांच्या कोडमध्ये मी स्वतः वाचून पाहिला.

तिसरी अडचण संदेशांची. लाल गाडीचा ब्रेक नोड (नोड म्हणजे गाडीवर चालणारा एक छोटा प्रोग्राम) शून्य वेग सांगायचा आणि पुढच्याच क्षणी चालवणारा नोड पुन्हा १.५ सांगायचा. गाडी हिसके देत देत भिंतीला टेकली. ब्रेकचं टॉपिक, म्हणजे संदेशांची वाहिनी, वेगळं केलं, कुणाचा आदेश पुढे जाईल ते ठरवणाऱ्या मल्टिप्लेक्सरमध्ये त्याला चालवणाऱ्या नोडच्या वरचा अग्रक्रम दिला आणि एकदा लागलेला ब्रेक जॉयस्टिकवरचं बटण दाबेपर्यंत सुटणार नाही असं केलं. त्याच बैठकीत ठरलं: स्वयंचलित फेरीत एका विद्यार्थ्याचं बोट सतत जॉयस्टिकच्या दुसऱ्या एका बटणावर असेल. बोट उचललं की गाडी बंद.

५ फेब्रुवारी: भिंतीलगत

दोन किरण, एक काटकोनात आणि एक तिरका. त्यावरून भिंतीशी गाडीचा कोन आणि अंतर मिळतं, मग पीआयडी: त्यातला पी आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात वळवतो, आय साठत गेलेल्या चुकीच्या. सिम्युलेटरमध्ये चारही गटांचं पहिल्याच तासात जमलं. जमिनीवर तीन गाड्या सापासारख्या वळवळत गेल्या.

लाल गटाने पी कमी केला, मग वळणावर गाडी बाहेर गेली. पी वाढवला, वळवळ परत. खरा फरक पडला तो आत्ताचं अंतर सोडून मीटरभर पुढे गेल्यावर जे अंतर असेल त्यावर चूक मोजली तेव्हा. सर्व्होला वळायला वेळ लागतो, तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते.

निळ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यात आय बराच मोठा ठेवला होता आणि ती उजव्या भिंतीलगत छान चालत होती. डाव्या भिंतीला लावली तर पहिले दोन मीटर भिंतीकडेच ओढली गेली. १८ जानेवारीनंतर त्यांनी सर्व्हो बदलला होता आणि ऑफसेट पुन्हा मोजला नव्हता. गाडीची एका बाजूला ओढ होती आणि आय तेवढी भर हळूहळू साठवून ती झाकत होता. दिशा बदलली की ती भर साठेपर्यंत गाडी उघडी. प्रश्न विचारणारा विद्यार्थी याच गटातला. त्याने ऑफसेट मोजला, आय शून्य केला, गाडी दोन्ही भिंतींना चालली. मला फार काही बोलावं लागलं नाही.

त्या दिवसापासून नियम: सर्व्हो, टायर किंवा गिअर बदलला की मोजमाप पुन्हा, आणि गाडीवर चिकटवलेल्या कागदावर तारीख.

१२ फेब्रुवारी: दुसऱ्याची गाडी

हिरव्या गटाने जॉयस्टिक दाबली आणि टेबलावरच्या पिवळ्या गाडीची चाकं फिरली. रॉस २ या रोबोटसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांचा डोमेन क्रमांक मुळात शून्य असतो, त्यामुळे टॉपिकचं नाव सारखं असेल तर संदेश सगळ्यांना पोचतात. प्रत्येक गाडीला वेगळा क्रमांक दिला, तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहिला, आणि गाडी, जॉयस्टिक, लॅपटॉप तिन्हींवर स्टिकर लावले. पाच मिनिटांचं काम. पिवळी गाडी ठोकळ्यावर होती म्हणून बरं.

१६ फेब्रुवारी: ट्रॅक

वातानुकूलनात वापरतात तशा लवचीक डक्टच्या नळ्या जमिनीवर टाकून ट्रॅक केला. ताणता येतात, वाकतात, गाडी आदळली तरी काही मोडत नाही. नळीची उंची लायडारपेक्षा चांगली जास्त हवी, जेमतेम नको. दोन नळ्यांच्या सांध्यातली फट लायडारला दरवाजा वाटते. सांधे एकमेकांवर चढवून टेप मारायची.

काचेचं दार हा लायडारचा शत्रू. किरण काचेतून पार जातो आणि गाडीला बाहेरचा व्हरांडा दिसतो. लायडारच्या उंचीवर कागदाची पट्टी लावली. जमीन झाडून घ्यायची, टायर ओल्या फडक्याने पुसायचे. धुळीत पकड इतकी बदलते की सकाळी जुळवलेला वेग दुपारी चालत नाही.

२२ फेब्रुवारी: मोकळ्या जागेकडे

नकाशा नाही, फक्त समोरचे किरण. सगळ्यात खोल मोकळी जागा शोधायची आणि तिकडे वळायचं. कल्पना दहा मिनिटांत समजते आणि विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त आनंद याच प्रात्यक्षिकात होतो, कारण गाडी पहिल्यांदा खरोखर "बघून" चालल्यासारखी वाटते.

अडलं ते वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर. कोड गाडीला बिंदू समजतो, आणि बिंदू कोपऱ्याला घासून जाऊ शकतो. गाडीचं मागचं चाक अडकतं. उपाय: शेजारच्या दोन किरणांच्या अंतरात एकदम मोठी उडी दिसली की तिथे कोपरा आहे असं धरायचं आणि जवळचं अंतर गाडीच्या अर्ध्या रुंदीइतकं, वर थोडी सूट ठेवून, दूरच्या बाजूला पसरवायचं. किती किरण झाकायचे हे अंतरावर ठरतं, जवळच्या कोपऱ्याला जास्त, लांबच्याला कमी. लाल गटाने सगळीकडे सारखेच किरण झाकले होते. लांबची वळणं त्यांच्या गाडीला बंदच दिसायची.

२ मार्च: शिळ्या नोंदी

वेग वाढवायला घेतला आणि सगळ्यांची गाडी बिघडली. २ मीटर प्रति सेकंदाला सुरेख चालणारी हिरवी गाडी ४ ला वळण संपल्यावर वळायची. गटाला वाटलं अल्गोरिदम कच्चा आहे, आणि त्यांनी तो दोनदा नव्याने लिहिला. जवळजवळ आठवडा त्यात गेला.

मग कागद घेऊन बसलो. लायडार सेकंदाला ४० वेळा फिरतो, म्हणजे दर २५ मिलिसेकंदांना एक चित्र. ४ मीटर प्रति सेकंदाला तेवढ्यात गाडी १० सेंटीमीटर जाते. हे टळणारं नाही. त्यांचा कोड १०८१ किरणांवर पायथनचं साधं लूप फिरवत होता आणि वर प्रत्येक वेळी पडद्यावर छापत होता. एका चित्राला ६० मिलिसेकंद लागत होते. म्हणजे चित्रं येतात २५ ला एक आणि संपतात ६० ला एक. मग उरलेली जातात कुठे? सबस्क्राइबरची, म्हणजे चित्रं घेणाऱ्या बाजूची, रांग १० ठेवली होती. ती कायम भरलेली. प्रत्येक वेळी हाताशी येणारं चित्र रांगेतलं सगळ्यात जुनं, साधारण पाव सेकंदापूर्वीचं. ४ मीटरच्या वेगाला गाडी त्या चित्रापासून मीटरभर पुढे निघून गेलेली असायची.

रांग १ केली. लूप काढून नमपायच्या एकाच ओळीत हिशेब केला, छापणं बंद केलं, आणि चित्रावरच्या वेळेच्या शिक्क्यापासून स्टीअरिंगचा आदेश निघेपर्यंतचा वेळ एका वेगळ्या टॉपिकवर टाकला. वेळ ६ मिलिसेकंदांवर आला. अल्गोरिदमचा पहिला, फेकून दिलेला कोड परत आणला आणि तो ४ ला चालला.

सगळ्यांना आता हे टॉपिक सक्तीचं आहे. शिवाय एक नवीन नियम: बॅग फाइल (फेरीतल्या सगळ्या संदेशांची साठवण) नाही तर पुढची फेरी नाही. गाडी आदळली की तिला हात लावण्याआधी नोंदी सेव्ह करायच्या, उघडायच्या, आणि काय दिसतंय ते गटाने एका वाक्यात सांगायचं. गुणांमध्येही निम्मे गुण या वाक्यांच्या वहीला ठेवले. लॅपच्या वेळेला त्याहून कमी.

११ मार्च: नकाशा

जॉयस्टिकने गाडी हळू फिरवून स्लॅम टूलबॉक्स या फिरता फिरता नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरने नकाशा केला. फेरी पूर्ण झाल्यावर सुरुवात आणि शेवट जुळतात का बघायचं. पिवळ्या गाडीचा नकाशा लांबट यायचा, सरळ भाग दीडपट. गुणक पाहिला तर गिअर बदलून झाल्यावर कागदावरची तारीख जुनीच होती.

लांब, सरळ, दोन्ही बाजूंना सारख्या भिंती असलेल्या भागात पार्टिकल फिल्टर, म्हणजे नकाशावर गाडीची जागा ओळखणारा प्रोग्राम, घसरतो. त्या भागात कुठेही उभं राहिलं तरी लायडारला सारखंच दिसतं, मग जागा ठरते फक्त चाकांच्या हिशेबावर. ट्रॅकच्या बाहेर नळीच्या वर डोकावतील अशी दोन-तीन खोकी वेगवेगळ्या अंतरावर ठेवून पाहिली, काही उपयोग नाही. लायडार नळीच्या वर बघतच नाही. खोकी ट्रॅकच्या कडेला, नळीला खाच पाडून आत आणली तेव्हा जागा पक्की झाली.

१९ मार्च: आखलेली वाट

वाटेवरचा एक बिंदू पुढे निवडायचा आणि त्याच्याकडे जाणारं वर्तुळ काढायचं. वक्रता म्हणजे २ गुणिले बाजूचं अंतर भागिले बिंदूच्या अंतराचा वर्ग. चाचणीसाठी एक उदाहरण सगळ्यांना दिलं: बिंदू १.२ मीटरवर, ०.३ मीटर डावीकडे. वक्रता ०.४२, त्रिज्या २.४ मीटर, स्टीअरिंग ०.१४ रेडियन, म्हणजे जवळजवळ ८ अंश. ज्याच्या कोडचं उत्तर हे येत नाही त्याने गाडी जमिनीवर ठेवायची नाही. एका गटाचं उत्तर ७.८ आलं, अंशांत. गाडीला ते रेडियन वाटले असते.

लाल गाडी प्रत्येक वळण आतून कापायची. पुढे बघण्याचं अंतर कमी करून थोडं सुधारलं, पण सरळ भागात वळवळ सुरू झाली. कारण दुसरीकडेच होतं: फिल्टर जागा सांगत होता लायडारची आणि गणित धरून चाललं होतं मागच्या आसाची. मधलं अंतर साधारण पाव मीटर. ते वजा केल्यावर जुनं अंतर ठेवूनच गाडी वाटेवर आली.

वळणाचा वेग अंदाजाने न ठेवता १८ जानेवारीच्या वर्तुळावरून काढला. ठरलेल्या वर्तुळावर वेग हळूहळू वाढवायचा, गाडी बाहेर सरकायला लागली की थांबायचं. १.०७ मीटर त्रिज्येवर ती २.५ च्या जरा वर सरकली. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, साधारण ५.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाचवा हिस्सा राखीव ठेवला तर २.४ मीटर त्रिज्येच्या वळणाला ३.३ मीटर प्रति सेकंद मिळतो. निळ्या गटाने राखीव ठेवला नाही.

२८ मार्च: नाक खाली

मोकळ्या सरळ भागात निळी गाडी मधेच कचकन थांबायची. समोर काही नाही. बॅगमध्ये मात्र चार-साडेचार मीटरवर एक भिंत उगवून नाहीशी होताना दिसली. गटातल्या एका विद्यार्थिनीच्याच लक्षात आलं: ती प्रत्येक वेळी वेग कमी करतानाच उगवते. वेग उतरला की गाडीचं नाक झुकतं. लायडार जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर आहे, तो २ अंश झुकला की किरण ४.३ मीटरवर जमिनीला लागतो. गाडी जमिनीला भिंत समजून ब्रेक लावते, ब्रेकने नाक आणखी झुकतं.

पुढच्या सस्पेन्शनला घट्ट स्प्रिंग आणि स्पेसर घातले, वेग उतरवण्याचा दर मर्यादित केला. ब्रेकचा नोड बंद करून टाकू अशी सूचना आली होती. ती मानली नाही.

६ एप्रिल: शर्यत

आधी एकेकटी गाडी, मग जोडीने. पाहायला बाकीच्या वर्गांतले विद्यार्थीही आले.

पहिल्या फेऱ्यांत हिरवी गाडी नळीवर आदळली आणि नळी हातभर आत सरकली. आम्ही ती तशीच राहू दिली, कारण रस्त्यावरही सगळं नकाशाबरहुकूम नसतं. निळी सगळ्यात वेगवान होती, तिची वाट त्या नळीला चिकटून जाणारी. दुसऱ्या लॅपला तिथेच अडकली. लाल गटाने ऐनवेळी नकाशा सोडून मोकळ्या जागेचा जुना कोड लावला. सरकलेल्या नळीचा तिला फरक पडला नाही, पण लॅप संथ. जिंकली पिवळी: आखलेली वाट, नळीपासून दीड हात लांब, वेगात राखीव, आणि लायडारमध्ये वाटेवर काही दिसलं तर बाजूला सरकणारा छोटा भाग. तो भाग त्यांनी आदल्या रात्री लिहिला नव्हता. तो मार्चपासून वहीत होता.

जोडीच्या फेरीत कुणालाच नीट ओव्हरटेक जमलं नाही. मागची गाडी पुढच्या गाडीला भिंत समजून थांबते, पुढची गेली की पुन्हा निघते.

१० एप्रिल: पुढच्या तुकडीसाठी

एक सर्व्हो, दोन पुढच्या भुजा आणि एक बॅटरी पॅक एवढं सत्रभरात गेलं. चारही लायडार शाबूत.

वेळापत्रकात बदल: मोजमापाला एक दिवस होता, आता पूर्ण आठवडा. वेळेचा शिक्का मोजण्याचं टॉपिक भिंतीलगतच्या प्रात्यक्षिकापासूनच. सिम्युलेटरचे तास कमी, कारण त्यात ऑफसेट चुकत नाही, बॅटरी बसत नाही आणि नाक झुकत नाही.

ओव्हरटेकवर पिवळा गट सुट्टीत काम करणार आहे. पहिली पायरी म्हणून नकाशात नसलेले किरण वेगळे काढून त्यांचा गठ्ठा करायचा आणि दोन चित्रांमधल्या फरकावरून पुढच्या गाडीचा वेग काढायचा. काल केलेल्या चाचणीत तो वेग सरळ भागात ठीक येतो, वळणावर मात्र उलटसुलट. संशय आमच्याच गाडीच्या फिरण्याचा हिशेब नीट वजा होत नसल्याचा आहे. पुढची नोंद त्याची.